पाठचं आलं म्हणून

गेल्या वर्षी मार्गशीर्षात हैदराबादहून लेकीचा फोन आला. आवाज दबका. म्हणाली, “आई, मला पुन्हा दिवस गेलेत. आणि चिऊ अजून अंगावर पितेय. काय करू गं?”

चिऊ म्हणजे माझी नात, तेव्हा एकोणीस महिन्यांची. मी काही बोलायच्या आत शेजारी जपमाळ घेऊन बसलेली माझी आई म्हणाली, “आजच्या आज तोड म्हणावं. गरवार बाईचं दूध म्हणजे इख.” आईचं वय ७८, पण कान अजून तिखट. एवढं बोलून ती उठून आत गेली. जप अर्धा टाकून ती कधी उठत नाही.

ती का उठली ते मला माहीत होतं. त्या गोष्टीवर आमच्या घरात छप्पन्न वर्षांत कुणी मोकळेपणी बोललेलं नाही. ती आधी सांगते.

माझ्या आधी आईला एक मुलगा होता. १९६७ च्या दिवाळीत जन्मलेला. चिकोडी तालुक्यातलं आमचं गाव, जोंधळा आणि तंबाखू पिकवणारं घर, अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. पोरगं गुटगुटीत होतं, तेराव्या महिन्यात पांगुळगाडा धरून अंगणभर धावायचं. पुढं १९६९ च्या संक्रांतीच्या सुमाराला आईला माझे दिवस राहिले. ही गोष्ट आज्जीच्या लक्षात आली आणि दूध तोडायचा हुकूम सुटला. आईच्या छातीला कोरफडीचा गर लावला, कडूजहर. पोराला आज्जीच्या अंथरुणात हलवलं. तो रात्रभर रडायचा आणि आई भिंतीच्या अलीकडं जागी. विशीतली पोर ती. तिला राहवेना. मग दुपारी सगळे शेतावर गेले की कणगीच्या मागं बसून ती त्याला चोरून पाजायची. महिनाभर हे चाललं. एके दिवशी आज्जीनं पाहिलं आणि बंद झालं.

उन्हाळ्यात पोरगं किरकिरं झालं. चालायचं सोडून दिलं, पांगुळगाडा नुसता कोपऱ्यात उभा. केस तांबूस झाले. पाय आणि चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला तेव्हा येणारेजाणारे म्हणायचे, बघा, दूध तोडल्यावर कसं बाळसं धरलंय. ते बाळसं नव्हतं. पायावर बोट दाबलं की खळी पडून तशीच राहायची, असं आई सांगते. श्रावणात तो गेला. मी पोटात सात महिन्यांची होते. घरी आलेल्या बायकांसमोर आज्जी आईला म्हणाली, “तूच चोरून इख पाजलंस.”

आईनं ते खरं मानलं. आज्जी वाईट नव्हती, तिच्या आज्जीनंही तिला तेच सांगितलं असणार. पण मोठी होताना मला घरातल्या एका गप्प जागेची जाणीव होती, आणि त्या जागेचं कारण मी आहे हेही कुणी न सांगता कळलेलं होतं. पाठचं आलं म्हणून आधीचं गेलं. ते पाठचं म्हणजे मी.

लेकीच्या फोननंतर मी ठरवलं की या ‘इखा’चा माग काढायचा. माझी पदवी इतिहासाची, ती बहुतेक मुलांचे अभ्यास घेण्यात खर्ची पडली. पण सासऱ्यांचे काका वैद्यकी करायचे, त्यांचं पुस्तकांचं कपाट आमच्याकडं आहे. त्यात माधवनिदान मराठी अर्थासह मिळालं. हा ग्रंथ बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा, रोग ओळखायचा कसा एवढंच सांगणारा. शेवटाकडं बालरोगांचं प्रकरण आहे आणि त्यात एक नाव आहे : पारिगर्भिक. गर्भार आईचं दूध पिणाऱ्या मुलाला होणारा रोग. लक्षणं वाचताना माझा हात थांबला. खोकला, भूक मंदावणं, ओकाऱ्या, ग्लानी, अंग वाळणं, तोंडाला चव नसणं, भोवळ, आणि पोट मोठं होणं. म्हणजे आज्जीचं ‘इख’ तिच्या मनचं नव्हतं. ते संस्कृतात लिहिलेलं होतं, आणि ग्रंथांतून वैद्यांकडं, वैद्यांकडून सुइणींकडं, सुइणींकडून आज्ज्यांकडं उतरत आलेलं होतं.

पण त्याच श्लोकात या रोगाला दुसरंही नाव दिलंय : परिभव. शब्दकोश काढून खात्री केली. परिभव म्हणजे पराभव, अवमान, मान उतरणं. दुधाच्या रोगाला हे नाव कशाला? ज्या कुणी हे नाव ठेवलं त्यानं, किंवा तिनं, दुधाकडं न बघता पोराकडं बघितलं होतं. मांडीवरून उतरवलेलं पोर. नाव ठेवणाऱ्याला खरं दिसलं होतं, कारण लिहिणाऱ्याचा नेम चुकला.

आयुर्वेदातही सगळे एका सुरात बोलत नाहीत हे पुढं कळलं. काश्यपसंहिता हा बायकामुलांच्या आजारांचा जुना ग्रंथ. तो हरवल्यातच जमा होता. नेपाळात त्याची खंडित ताडपत्री पोथी मिळाली, राजगुरू हेमराज शर्मांनी ती हाती घेतली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात ती छापली गेली. त्यात ‘फक्क’ नावाचा रोग आहे : वर्ष उलटलं तरी जे मूल पायांवर चालत नाही ते फक्क. त्याचे तीन प्रकार सांगितलेत, त्यातला एक गर्भामुळं होणारा. आणि तिथं काश्यप म्हणतो की आई गर्भार राहिल्यानं तिचं दूध लवकर थांबतं, म्हणून मूल क्षीण होतं, मरतंही.

दूध थांबतं म्हणून. दूध विषारी होतं म्हणून नव्हे. एकच पोर, एकच घर, तीच गर्भार आई. एक ग्रंथ म्हणतो दूध मिळालं म्हणून आजारी पडलं, दुसरा म्हणतो मिळेनासं झालं म्हणून. आमच्याकडं पहिला पोचला. दुसरा पोथीच्या पेटीत होता.

काश्यपानं या मुलांसाठी औषधी तुपं वगैरे सांगितलीच आहेत, शिवाय एक तीन चाकांचा छोटा रथ सांगितलाय, मुलानं तो धरून चालायचा सराव करायला. म्हणजे आपला पांगुळगाडाच की! हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ स्वयंपाकघरात काहीबाही आवरत राहिले.

ही भीती फक्त आपल्याकडची असती तर गोष्ट एवढ्यावर संपली असती. पण जगभर बघावं तिथं ती दिसते. इजिप्त रोमन लोकांच्या हाती गेलं त्या काळातले दाईंशी केलेले करार पपायरसच्या कागदांवर शिल्लक आहेत. दाईनं इतके महिने मूल पाजायचं, बदल्यात दरमहा इतके पैसे आणि तेल. आणि अटी : दुसरं मूल सोबत पाजायचं नाही, पुरुषाशी संबंध नाही, गर्भ राहू द्यायचा नाही, दूध बिघडवायचं नाही. तिच्या स्वतःच्या तान्ह्याचं काय, ते करारात येत नाही. रोमचा मोठा वैद्य गालेन यानंही हेच लिहून ठेवलं, आणि पुढं हजारभर वर्षं युरोपात त्याचा शब्द प्रमाण होता.

यहुद्यांच्या तालमुदात नियम आहे की अंगावर मूल पीत असलेल्या विधवेनं मूल चोवीस महिन्यांचं होईपर्यंत लग्न करू नये, कारण पुन्हा गर्भ राहिला तर दूध गढूळ होऊन मूल दगावेल. (काही गुरूंच्या मते अठरा महिने पुरेत.) आणि लगेच तिथंच कुणीतरी विचारलंय : मग सधवेचं काय? तिलाही दिवस जातातच की. उत्तर असं आलंय की, तिच्या मुलाला ती अंडी आणि दूध कुस्करून भरवेल. मी अंडं खाणारी नव्हे, पण या उत्तरापुढं मी हात जोडले. बाप जिवंत असेल तर वरच्या खाण्याला पैसे निघतील, सावत्र बाप ते काढणार नाही! दूध गढूळ होतं असं म्हणता म्हणता त्यांनी खरं कारण बोलून दाखवलं : ताटात काय पडतं, आणि ताट कोण भरतं.

इस्लामच्या हदीस-संग्रहातही एक नोंद आहे. पाजत्या बाईशी पतीनं संबंध ठेवू नये अशी मनाई करावी असं पैगंबरांच्या मनात आलं होतं. मग रोमी आणि इराणी लोक तसं करतात आणि त्यांच्या मुलांना काही अपाय होत नाही हे ध्यानात आलं, म्हणून त्यांनी मनाई केली नाही. दुसऱ्यांच्या घरातली पोरं बघून आपली भीती सोडून द्यायची, हे किती जणांना जमतं?

या मागोव्यात एक बाई भेटली. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

सिसिली विल्यम्स. जन्म १८९३, जमैका बेटावर. ऑक्सफर्डला शिकून डॉक्टर झाली. त्या काळी बाई डॉक्टरला इंग्लंडात नोकरी मिळणं कठीण, म्हणून वसाहतींच्या वैद्यकीय खात्यात शिरली आणि १९२९ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला पोचली. आक्राच्या दवाखान्यात तिच्यापुढं एकासारखी एक पोरं यायची. वय एक ते चार वर्षं. पाय सुजलेले, पोट फुगलेलं, केस तांबूस, कातडीवर काळे डाग पडून सालपटं निघालेली, आणि सतत किरकिर. मोठे डॉक्टर म्हणायचे हा पेलाग्रा, किंवा जंत, किंवा आणखी काही. बाईनं दुसरंच केलं. तिथल्या बायकांना विचारलं की या आजाराला तुम्ही काय म्हणता?

गा भाषेतल्या त्या बायका म्हणाल्या, क्वाशिओरकोर. म्हणजे पाठचं मूल आलं की मांडीवरून उतरवलेल्या मुलाला होणारा आजार.

परिभव! हजार कोसांवरच्या, संस्कृतचा गंध नसलेल्या बायकांनी तोच शब्द आपल्या भाषेत करून ठेवला होता. आणि विल्यम्सबाईंनी तो हसण्यावारी नेला नाही, कान देऊन ऐकला. या मुलांचं दूध तुटल्यावर त्यांना काय मिळतं ते बघितलं. मक्याची आंबवलेली पेज. पोट भरायचं, अंगी काही लागायचं नाही. १९३३ साली त्यांनी हे लिहिलं, १९३५ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या साप्ताहिकात गा बायकांचं ते नावच वापरून पुन्हा लिहिलं. तेव्हाचे नामांकित डॉक्टर मानायला तयार नव्हते. पुढं सगळ्या जगानं मानलं, आणि आज वैद्यकाच्या पुस्तकात तो शब्द तसाच्या तसा आहे. मला याचंच अप्रूप वाटतं. रोगांना बहुतेक नावं ग्रीक-लॅटिनची, नाहीतर डॉक्टरांची. हे एक आयांनी ठेवलेलं.

याच बाईंनी १९३९ मध्ये सिंगापूरला भरसभेत डब्याच्या गोड दुधाविरुद्ध भाषण केलं होतं. तान्ह्या मुलांना ते दूध पाजायला लावणं म्हणजे खून आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत. पुढं युद्धात जपान्यांच्या कैदेत वर्षं काढली, सुटल्यावर जागतिक आरोग्य संघटनेत माता-बालकांचं काम पाहिलं. १९९२ साली वारल्या. तेव्हा मी बेळगावात नवी नवरी होते आणि यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आता माझ्या भावाकडं परत येते. त्या वेळी मी आईला विचारलं, दूध तोडल्यावर दादाला खायला काय द्यायचीस? तिनं आठवून आठवून सांगितलं. जोंधळ्याची आंबील. भाताची पेज. चहात बुडवलेला टोस्ट. वरण? “डाळ बाधते म्हणायच्या पोरांना.” दूध? घरात म्हैस होती. सकाळचं दूध निपाणीच्या हॉटेलाला जायचं, संध्याकाळचं विरजणाला, आणि चहाला. “उरलं तर मिळायचं.” उरायचं का? आई काही बोलली नाही.

मका तिथला, जोंधळा इथला. सुजलेले पाय दोन्हीकडं तेच.

यात आणखी एक धागा हैदराबादचा निघाला, जिथं माझी लेक राहते. तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती मुळात निलगिरीत कुन्नूरला होती, १९५८ साली हैदराबादला आली. डॉ. सी. गोपालन तिथले संचालक. त्यांनी कुन्नूरच्या दिवसांपासून गरीब बायकांच्या दुधाचा अभ्यास केला होता. बाई अर्धपोटी असली तरी तिच्या दुधाचा कस फारसा घसरत नाही. कमी पडतं ते ती स्वतःच्या अंगातून भरून काढते. आणि मुलांच्या या आजारात नुसत्या प्रथिनांच्या नावानं बोटं मोडू नका, मुळात अन्नच कमी पडतंय, हेही ते हट्टानं सांगत राहिले. माझा भाऊ गेला त्या वर्षी, १९६९ साली, हे सगळं त्या इमारतीत माहीत होतं. चिकोडीच्या आमच्या घरापर्यंत यायला रस्ता नव्हता.

मग प्रश्न उरतो की पोटात एक आणि अंगावर एक, हे किती बायका करत आल्या? मला वाटत होतं की क्वचित कुणी. पण ग्वाटेमालाच्या खेड्यांत संशोधकांनी गरोदरपणांच्या नोंदी ठेवल्या तेव्हा निम्म्याच्या आसपास गरोदरपणांत आधीचं मूल अंगावर होतं. निम्म्या! तिथं त्यांना आढळलं की पोटातल्या बाळावर फारसा परिणाम होत नाही, पण आईच्या अंगावरची चरबी झडते. भार तिच्यावर. पेरूत लिमाच्या वस्त्यांत दुसऱ्यांनी पाहिलं की अशा आयांच्या नव्या बाळांचं वजन पहिल्या महिन्यात थोडं कमी वाढतं. तेव्हा नवं बाळ आधी, हा नियम शहाणा. गर्भाशय आकसून गर्भ पडेल ही जी दुसरी भीती, तिच्याबद्दल आताच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की प्रकृती ठीक असलेल्या बाईला धोका नाही, कारण गर्भाशय शेवटचे दिवस येईपर्यंत त्या संप्रेरकाला फारशी दाद देत नाही. रक्त जात असेल, पूर्वी दिवस भरण्याआधी कळा आल्या असतील, जुळी असतील, तर मात्र थांबावं, डॉक्टर सांगतील तसं. आणि मैत्रिणींनो, लेकीला मी हे सांगितलं तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, की आधी तपासून घे.

दोन पोरं एका वेळी पाजणं तर आपल्या इतिहासात डोळ्यांसमोर आहे, फक्त आपण त्याला तसं नाव देत नाही. सईबाई राणीसाहेब आजारी पडल्या, दूध पुरेना, म्हणून संभाजीराजांना पाजायला कापूरहोळची धाराऊ आली. पुण्याहून साताऱ्याला जाताना लागतं ते कापूरहोळ. धाराऊला दूध होतं म्हणजे तिचं लेकरू होतं. तिच्या मुलांना आपण राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखतो. राजांच्या वाट्याचं दूध सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या लेकराला किती उरायचं हे कुणी लिहिलेलं नाही. आमच्या आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी लिहिलंय की बाळ ऋषभदेवांसाठी इंद्रानं धात्री म्हणून देवी नेमल्या, न्हाऊ घालायला वेगळी, सजवायला वेगळी, खेळवायला वेगळी आणि स्तनपानालाही वेगळी. पर्युषणात हे ऐकताना लहानपणी मला फार गंमत वाटायची. आता वाटतं, देवीच त्या, त्यांना घरी रडणारं दुसरं नसणार.

माझी स्वतःची गोष्ट मी आजवर आईला सांगितली नव्हती. लेक १९९४ ची. ती दीड वर्षाची असताना मला पुन्हा दिवस गेले. इथल्याच एका प्रसूतिगृहात गेले तर डॉक्टरबाई ओरडल्या, एवढी मोठी घोडी अजून पाजतेस? आजच बंद कर, नाहीतर पिशवी आकसेल. मी मान हलवली आणि घरी आले. त्या रात्री लेक कुशीत शिरली आणि मी तिला घेतलं. धाडस वगैरे काही नव्हतं. रडणं ऐकवत नव्हतं, एवढंच. आईचंच रक्त.

पण ते सुखाचं होतं असं कुणाला वाटू नये. तिसऱ्या महिन्यात बोंडं इतकी हुळहुळी झाली की लेकीनं तोंड लावलं की दातओठ खायचे. कधी कधी अशी चीड यायची की तिला ढकलून द्यावंसं वाटायचं, आणि मग त्याचं वाईट वाटून मीच रडायचे. पाचव्या महिन्यात दूध आटत आलं. ती तरी चोखायची. एक दिवस तोंड बाजूला करून म्हणाली, “आई, खालत.” खारट! चीक यायला लागला होता. हे सगळं शरीराचं नेहमीचं काम आहे हे आज वाचून कळतं. तेव्हा मला वाटलं, हेच ते इख असेल का? त्या रात्री मला झोप नाही. सकाळी मी तिला नेहमीपेक्षा दुप्पट वरणभात भरवला, वर तूप. कशासाठी भरवलं ते मलाच सांगता आलं नसतं.

मुलगा झाल्यावर पहिले दिवस चीक त्याला, नंतर उरलं तर हिला. पान्हा फुटून छाती दगडासारखी होते तेव्हा मोठीनं पिऊन मला मोकळं केलं. सासूबाईंना सगळं दिसत होतं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आपल्यात लसूण चालत नाही, तर अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू दुपटीनं करायच्या आणि म्हणायच्या, “दोघांचं खा.” पोटातलं बाहेर आल्यावरही त्या “दोघांचं” म्हणत राहिल्या, तेव्हा मला उमगलं. आई भेटायला आली की मी लेकीला शेजारी पाठवून द्यायची. पाच वर्षांचं पोर खोटं बोलत नाही म्हणतात, दोन वर्षांचं तर नाहीच. ती परत येऊन सरळ आजीसमोर माझा पदर ओढायची. मी तिच्या हातावर हलकेच मारायची. तेवढी एक गोष्ट अजून टोचते. तीन वर्षांची झाल्यावर तिनं आपणहून सोडलं.

हे सगळं मी या आषाढात आईला सांगितलं. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, चिऊ सोबत. मुलगा झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी लेक भिंतीला टेकून बसली होती, एका अंगाला तान्हं, दुसऱ्या अंगाला चिऊ. चिऊ पिता पिता भावाचं टोपडं काढत होती. आई दारात आली, थांबली, आणि परत फिरली. मी तिच्या मागं गेले. तिला माधवनिदानातलं वाचून दाखवलं, मग काश्यपाचं, मग विल्यम्सबाईंची गोष्ट सांगितली. सुजलेले पाय, तांबूस केस ऐकताना तिनं डोळे मिटून घेतले होते.

“त्या बाईनं ते कुणाला विचारलं म्हणालीस?”

“तिथल्या बायकांना. आयांना.”

“आणि त्या दूध वाईट म्हणाल्या नाहीत?”

“नाही. पाठचं आलं म्हणून म्हणाल्या.”

ती बराच वेळ हाताच्या रेघा बघत राहिली. मग म्हणाली, “महिनाभर पाजलं त्याला मी. कणगीमागं. त्या महिन्यात तो चालत होता.” आणि थोड्या वेळानं, “तू काही केलं नाहीस बरं का.” हे मला. छप्पन्न वर्षांनी. मी काय बोलणार? उठून चहा ठेवला.

गावच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा आईनं भांडी घेतली नाहीत, सोनं मागितलं नाही. फक्त भावाचा पांगुळगाडा आणला होता. मला त्यावर कधी चालू दिलं नव्हतं, माझ्या मुलांनाही नाही. तो आमच्या माळ्यावर जुन्या गादीत गुंडाळून ठेवलेला होता. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं जावयाला तो खाली काढायला लावला. एक चाक निखळलेलं, दांडा वाळवीनं खाल्लेला.

“अगं, बाळ आत्ता दोन आठवड्यांचं,” मी म्हटलं. “वर्ष आहे अजून त्याला.”

“सुतार कुठं लगेच मिळतोय,” आई म्हणाली, आणि ओल्या फडक्यानं चाक पुसायला बसली.